कारण : लांडगा

माझ्या सहीनं सांगोला तालुक्यात जेवढे लांडगे जन्माला आले, तेवढे तिथल्या माळानं कधी पाहिलेही नसतील. बढाई म्हणून सांगत नाही. मी जनावरांची सरकारी डॉक्टर. रानातल्या जनावरानं मेंढरू मारलं की पंचनाम्याला माझा एक कागद जोडावा लागतो, आणि त्या कागदावर 'मृत्यूचे कारण' असा रकाना असतो. त्या रकान्यात मी बरीच वर्षं 'लांडगा' असं लिहीत आले. त्यातले बहुतेक लांडगे कुत्रे होते.

मला फरक कळत नव्हता असं कुणी समजू नये. लांडगा कामापुरतं मारतो. गळ्याला धरतो, एखादंच उचलतो, जमलं तर ओढून नेतो, नाही जमलं तर तिथंच खायला लागतो. कुत्र्यांची टोळी कळपात शिरली की तिला खेळ सापडतो. कान फाटलेले, शेपट्या तुटलेल्या, मागच्या मांड्यांचे लचके निघालेले, पाच-सात जनावरं मरून पडलेली आणि एकही खाल्लेलं नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे ओळखेल. मला तर या विषयात चांगले मार्क होते.

पण सरकारच्या योजनेत लांडगा आहे, बिबट्या आहे, कुत्रा नाही. लांडगा दुर्मीळ, कायद्यानं जपलेला, कागदावर थेट वाघाच्या पंगतीला बसवलेला. लोकांनी त्याच्यावर डूख धरू नये म्हणून त्यानं केलेलं नुकसान सरकार भरून देतं. कुत्रं कुणाचंच नसतं. त्यानं अख्खा कळप फाडला तरी तो मेंढपाळ आणि त्याचं नशीब.

माझं माहेर सोलापुरात, नवी पेठेत. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. गल्ल्यावर मराठी, माडीवर कानडी, आणि स्वयंपाकघरात अंड्याचं नावही काढायची सोय नाही. मी जनावरांची डॉक्टर झाले तेव्हा आईची अशी समजूत होती की मी गाई-म्हशींना सुया टोचते आणि शेळ्यांना गोळ्या देते. शवविच्छेदनाबद्दल मी तिला कधी सांगितलं नाही. रविवारी घरी आले की आधी न्हाणीघरात जायचे, मग लिंगपूजेला बसायचे. म्हणजे बघा, खोटं मला आधीपासूनच जमत होतं, नोकरीनं फक्त त्यावर शिक्का मारला.

पहिल्यांदा लिहिलं तो दिवस मला नीट आठवतो. दवाखान्यापासून कोसावर गावचं गायरान आहे, मोठा माळ. कुसळी गवत, तरवड, मधूनच हेकळीची जाळी, बाकी दगड आणि ऊन. सातबाऱ्यावर त्याला पडीक म्हणतात. तिथं एका मेंढपाळाचा मेंढरं कोंडायचा जाळीचा वाडा होता. साठीकडे झुकलेला, शिडशिडीत, बोलायला कंजूष माणूस. सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणायला लागले. सकाळी निरोप आला म्हणून गेले तर वाड्यात सात मेंढरं पडलेली. एकाचे डोळे अजून उघडे होते. मामाची सून कोकरांना धरून लांब बसली होती, आणि आया गेलेली कोकरं ओरडून ओरडून बसक्या आवाजाची झाली होती.

मी वाकून पाहिलं, उलटंपालटं केलं, आणि म्हटलं, "मामा, ही कुत्र्यांची करणी आहे."

"व्हय. कुत्रीच हायत," मामा म्हणाला. "रस्त्याकडंला कोंबड्यांच्या शेडची घाण टाकत्यात, त्येच्यावर पोसल्यात. वासरावानी झाल्यात एकेक."

पोलीस पाटील शेजारी उभे होते. त्यांनी आपलं सांगायचं म्हणून सांगितलं, "कुत्र्याला काय मिळत न्हाय, बाई."

"न्हाय तर न्हाय," मामा म्हणाला. "लिवा कुत्रं."

हे मी मुद्दाम सांगतेय. त्यानं काही मागितलं नव्हतं. मलाच राग आला. कुणाचा आला हे आजही सांगता यायचं नाही. कुत्र्यांचा, शेडवाल्यांचा, की तो कागद छापणाऱ्याचा. मी पेन काढलं आणि रकान्यात लिहिलं : लांडगा. पोलीस पाटलांनी वाचलं, सही केली, दुसरीकडे बघितलं. तेव्हाचा वनरक्षक निवृत्तीला आलेला होता, त्यानंही सही केली. कागद वाचून दाखवल्यावर मामा मात्र कसनुसा झाला.

"त्येनं न्हाय मारली, बाई. त्येचं नाव कशाला?"

आमच्याकडचे जुने मेंढपाळ लांडग्याचं नाव सहसा घेत नाहीत, 'त्यो' म्हणतात. मी हसले. म्हटलं, "मामा, त्याला काय निवडणुकीला उभं राहायचंय? त्याचं काय जातंय?"

मला ते बोलणं तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात. इथं काळाला कशाला दोष द्यायचा, मीच सोकावले. गावात बातमी गेली की बाई समजून घेतात. मग निरोप यायला लागले. कुणाची शेळी, कुणाचं बोकड, कुणाची दोन कोकरं. मी जायचे, बघायचे, कुत्र्याचे दात ओळखायचे आणि लांडगा लिहायचे. एकदा तर एका बाईच्या शेळीच्या पोटात प्लास्टिक निघालं, तेव्हा मात्र मी नाही म्हटलं. मला त्याचा बरेच दिवस अभिमान होता. खोटेपणालाही आपली एक शिस्त असते असं मला वाटायचं.

आजूबाजूच्या गावांत लांडग्याच्या बिळात धूर केला, दगड लोटले, अशा गोष्टी कानावर यायच्या. या गावात तसं कधी झालं नाही. लांडगा दिसला तर लोक हातातलं काम थांबवून बघायचे आणि परत कामाला लागायचे. मला वाटायचं, गाव समजूतदार आहे.

मामाच्या घरात तर एक रीतच होती. कोकरं जरा मोठी झाली की ओळखू यावीत म्हणून ती कानाला खाच पाडतात. दर वेताला त्यातलं एक कोकरू बिनखाचेचं सोडायचं. ते 'त्येच्या वाट्याचं'. मी विचारलं, लांडग्याला कसं कळतं की हे आपलं? मामानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की एवढं शिकून बाई हे विचारते. "त्येला कशाला कळाया पायजे? आमाला कळाया पायजे की." लांडग्यानं खाच पाडलेलं नेलं तरी मामा रडत नसे, कारण एक गेलेलंच धरलेलं असायचं. बिनखाचेचं जगलं तर त्याच्या लोकरीची वेगळी मोट ठेवायचा आणि देवाला द्यायचा. सून म्हणायची, "मामंजी लई उधार हायत," म्हणजे उदार. पण बोलताना तिचाही हात त्या कोकराच्या पाठीवरून फिरत असायचा.

एका हिवाळ्यात मामानं मला बीळ दाखवलं. मेंढरांना लस टोचायला गेले होते. काम झाल्यावर तो म्हणाला, "चला, बाई. पर बोट करायचं न्हाय, बोलायचं न्हाय." माळाच्या पूर्वेला ओघळ आहे, तिच्या कडेला आम्ही पोटावर पडलो. माझ्या वयाला आणि वजनाला ते शोभत नव्हतं. समोरच्या काठावर मातीच्या रंगाचं काहीतरी हललं आणि लांडगीण उभी राहिली. अंगानं इतकी सडपातळ की मला आधी ती आजारी वाटली. मग तिच्या पायात चार पिल्लं लुडबुडताना दिसली. एक तिच्या शेपटीला लोंबकळत होतं आणि ती अगदी कुठल्याही आईसारखी वैतागून त्याला झटकत होती. मी इतकी वर्षं लांडगा हा शब्द लिहीत होते. लांडगा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. परत येताना मामा आपणहून म्हणाला, "ह्यो माळ हाय तवर हिचं बरं चाललंय."

मग सौरऊर्जेची योजना आली.

इथं मला सावध राहून लिहिलं पाहिजे, कारण ती योजना वाईट आहे असं म्हणायची मला सोय नाही. सोलापूरचं ऊन मी लहानपणापासून सोसलंय, पण आताचं ऊन वेगळं आहे. उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात म्हशी उभ्या उभ्या कोसळतात. पाऊस येतो तो एका दुपारी सगळा येतो आणि मग तोंड दाखवत नाही. कोळसा जाळणं कमी केलं पाहिजे, हे मला दिल्लीतल्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि गावाला दिवसा वीज पाहिजे होती. डाळिंबाला पाणी द्यायचं तर वीज रात्रीची. सरकारनं ठरवलं, गावोगावच्या पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीला दिवसा वीज द्यायची. यात कुठं बोट ठेवायचं?

फक्त पडीक म्हणजे काय, हे त्या माळावर राहणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

ग्रामसभा शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. मला लाळ्या-खुरकुताच्या लसीची माहिती सांगायला बोलावलं होतं, ती मी सांगितली, चहाचा कप घेऊन बाजूला बसले. मग प्रकल्पाचा माणूस उठला. तिशीतला, घामानं भिजलेला, तळमळीनं बोलणारा. त्याच्या मनात काही काळंबेरं होतं असं मला आजही वाटत नाही. त्यानं भिंतीवर गावाचा नकाशा दाखवला. माळाचा भाग पिवळा, आणि त्या पिवळ्यावर लाल ठिपकेच ठिपके.

"हे सगळे लांडग्यांचे हल्ले आहेत," तो म्हणाला. "शासनाचाच डेटा आहे. जिल्ह्यात या गावाला सर्वांत जास्त त्रास आहे. प्रकल्पाला पक्कं कुंपण होईल. वीजही मिळेल आणि हा उपद्रवही संपेल."

मी त्या ठिपक्यांकडे बघत बसले. प्रत्येक ठिपका माझा होता. कुठली शेळी कुठं पडली होती हे मला त्या नकाशावरून सांगता आलं असतं. मामाच्या वाड्याच्या जागी तर ठिपके एकमेकांवर चढले होते. त्याचं काय जातंय, असं मी विचारलं होतं. त्याचं घर जात होतं, ते असं माझ्याच अक्षरात भिंतीवर मांडून.

एक बाई उठली. तिचा नवरा रात्री डाळिंबाला पाणी द्यायला गेला होता, तेव्हा त्याला साप चावला. तो वाचला, पण पाय गेला. ती म्हणाली, "आमाला दिवसाची लाईट द्या. बाकी काय बी करा." मामा पाठीमागं भिंतीला टेकून बसला होता. तो एवढंच म्हणाला, "मेंढरं कुटं चारायची?" त्याला उत्तर मिळालं की चाऱ्याचा विचार होईल. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. ती कुत्री होती, असं त्यानं म्हणायचं तर त्यानं पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, माझ्यापुढं. आता भर सभेत म्हटलं तर तोच लबाड ठरणार होता. बोलायचं होतं ते मी. चहा गार झाला, हात वर झाले, ठराव झाला. मी बोलले नाही.

पुढचे पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आता झालं ते झालं, निवृत्तीला किती वर्षं राहिली ते मोज. शेवटी एका रविवारी नवी पेठेतल्या माडीवर बसून मी पत्र लिहिलं. खाली साड्यांचे गठ्ठे उतरत होते, रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. आईनं विचारलं, काय लिहितेस? मी पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं, कापाकापीसकट. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. मग कानडीत म्हणाली, "खरं सांगायचं तर आपल्यापुरतं सांग. दुसऱ्याला त्यात ओढू नकोस."

मी तिचं ऐकलं, असं मला वाटलं. पत्रात मी कुणाचंही नाव घेतलं नाही. लिहिलं, की अमुक गावातले लांडग्यांचे म्हणून नोंदलेले बहुतेक हल्ले भटक्या कुत्र्यांचे होते, कारण मी चुकीचं लिहिलं, दोष माझा एकटीचा. माळावर लांडग्यांचं एक कुटुंब आहे, ते फार थोडं नुकसान करतं, त्याची जागा राखावी. एक प्रत माझ्या खात्याला, एक वनखात्याला, एक तालुक्याला. पेटीत टाकताना मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी दोन वेळा जेवले.

नावं मी लिहिली नव्हती. पंचनाम्यांवर ती होतीच.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारणं दाखवली, खात्यानं लेखी समज दिली, दोन वेतनवाढी रोखल्या. सरकारी माणसाला सरकार फार लागू देत नाही. गावात मात्र घरोघर नोटिसा गेल्या. मामाला, शेळीवाल्या बायकांना, सगळ्यांना. खोटी माहिती देऊन भरपाई घेतल्याबद्दल खुलासा करावा. गावाचे राहिलेले सगळे अर्ज थांबवले. त्यांत दोन खरे होते, लांडग्यानंच नेलेली जनावरं, माझ्या हातचे कागद. तेही थांबले. मामा तालुक्याला चार हेलपाटे घालून आला. तो मला काही म्हणाला नाही. इतर म्हणाले. दवाखान्यात येणं लोकांनी सोडलं नाही, दुसरा दवाखाना नव्हता म्हणून. पण पूर्वी माझ्या टेबलावर कुणीतरी चार डाळिंबं ठेवून जायचं, ते बंद झालं.

आणि माळ? वनखात्यात एक नवी वनरक्षक पोरगी आली होती, कुर्डुवाडीची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. माझं पत्र नीट वाचलं असेल तर तिनंच. तिनं बीळ पाहून आपला अहवाल त्याला जोडला आणि वर पाठवला. वरून जे उत्तर आलं ते तिनं मला फोनवर वाचून दाखवलं. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्याच पत्रानुसार हल्ले प्रामुख्यानं कुत्र्यांचे असल्यानं सदर क्षेत्रात लांडग्यांचा लक्षणीय वावर आढळत नाही. सबब प्रकल्पास हरकत नाही.

"मॅडम, ऐकताय ना?" ती म्हणाली. मी हसत होते. आधी लांडगे जास्त म्हणून कुंपण, आता लांडगे नाहीत म्हणून कुंपण. माझं खोटंही त्यांच्या कामाला आलं आणि खरंही आलं. हसता हसता मला रडू फुटलं तेव्हा मी फोन ठेवला.

कुंपण झालं. माळाचा मोठा तुकडा, ओघळीसकट, आत गेला. मशीन आलं, जमीन सारखी झाली, खांब उभे राहायला लागले. उरलेल्या पट्ट्यात मामा मेंढरं फिरवत होता. कुत्री आता कुंपणाच्या कडेकडेनं यायची, आणि लांडगेही त्याच पट्ट्यात दाटले होते. त्या हिवाळ्यात दोघांनीही जनावरं मारली. कुणी कुणाला मारलं हे मी आता अगदी खरं लिहीत होते. अर्ज करत कुणीच नव्हतं.

मग एका सकाळी वनरक्षक पोरीचा फोन आला. "मॅडम, या. लांडगीण मेलीय."

पट्ट्याच्या टोकाला, बोरीच्या झुडपाजवळ ती पडली होती. पाय ताठ, जबडा मिटलेला, तोंडाशी फेस वाळलेला. दहा पावलांवर अर्धी खाल्लेली शेळी होती आणि तिच्या मांसाला डाळिंबावर फवारतात त्या औषधाचा उग्र वास येत होता. मामा तिथं आधीच उभा होता. मेंढरं त्यानं लांब ठेवली होती. मी हातमोजे घातले आणि कापायला सुरुवात केली. या जनावराचं नाव मी शेकडो वेळा लिहिलं होतं, त्याच्या अंगाला पहिल्यांदा हात लावत होते. केस वाटले होते त्यापेक्षा राठ निघाले. पोटाशी आले आणि सुरी थांबली. आचळं भरलेली होती. दाबल्यावर दूध आलं. गर्भाशय अजून पुरतं आक्रसलेलं नव्हतं.

"पाजती होती," मी म्हटलं. "पिल्लं आठ-दहा दिवसांची असतील. डोळेही उघडले नसतील."

पोरीनं टिपून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, कारण काय लिहू?"

"विषबाधा."

"कुणी घातलं असेल?"

मी मामाकडे बघितलं. त्याला माहीत होतं. त्याच्या तोंडावरच दिसत होतं की माहीत आहे, आणि तो सांगणार नाही हेही दिसत होतं. तो लांडगिणीकडे बघत म्हणाला, "बाई, तुमी खोटं लिवत हुता तवर लोकं गप हुती."

त्यात टोमणा नव्हता. पाऊस कमी झाला, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. म्हणूनच ते मला अजून झोपेतही ऐकू येतं. कुत्र्यानं मारलेल्या शेळीचेही पैसे लांडग्याच्या नावानं मिळत होते, म्हणून लांडग्याला गाव सहन करत होतं. ती समजूत नव्हती, तो सौदा होता. मी नकळत तो केला, आणि मन हलकं करण्यासाठी मोडला. किंमत तिनं दिली.

मी हात धुतले आणि पिल्लं जुन्या बिळाच्या आसपास असतील म्हणून आम्ही तिघं कुंपणाच्या फाटकाशी गेलो. राखणदार म्हणाला, परवानगीचं पत्र पाहिजे. पोरीनं साहेबांना फोन लावला, साहेब मीटिंगमध्ये होते. मी दवाखान्याचा कागद काढला आणि त्यावर लिहिलं, की आवारात पिसाळलेलं कुत्रं शिरल्याची खबर असून तातडीनं तपासणी आवश्यक आहे. सही, शिक्का. फाटक उघडलं.

आत गेल्यावर मामा भरभर चालू लागला. मग त्याची चाल मंदावली. तो थांबला, मागं वळला, सूर्याकडे बघितलं, परत चालला. सगळीकडे सारखी जमीन, सारखे खांब, एका ओळीत दुसरी ओळ. ओघळ बुजवली होती. ज्या माळावर तो चालायला शिकला, तिथं त्याला दिशा सापडत नव्हती. "हितंच हुतं की," तो म्हणाला, मग वीस पावलांवर जाऊन पुन्हा तेच म्हणाला. आम्ही दुपारपर्यंत शोधलं. खांबांच्या बुडाशी, दगडांच्या ढिगाखाली, बाहेर आल्यावर त्या उरलेल्या पट्ट्यातली एकूण एक झुडपं. लांडगिणीनं नवी जागा कुठं केली होती ते कळलं नाही. अहवालात मी लिहिलं : पिल्ले आढळून आली नाहीत.

याला आता पाच आठवडे झाले. मामा रोज मेंढरं घेऊन जातो आणि दिवसाआड मला फोन करतो. आज कुठली बाजू बघितली ते सांगतो. "न्हाय घावली, बाई. उद्या तळ्याकडनं बघतो," असं म्हणतो. मी बरं म्हणते. डोळे न उघडलेलं पिल्लू दुधाशिवाय दोन दिवस जगतं, फार तर तीन. हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. मी त्याला सांगितलेलं नाही.